ओळीतला आकडा

‘कांदा,,१८५०’ अशी ओळ मी वर्गात फळ्यावर लिहितो (आकडे इंग्रजी). मधला प्रतीचा खण मुद्दाम रिकामा. आपल्याला त्यात नाव, प्रत आणि भाव दिसतात. सी भाषेला दिसते नुसती बाइटांची रांग. त्यातला १८५० हीसुद्धा अजून संख्या नसते. आस्कीच्या हिशेबाने १ म्हणजे ४९, ८ म्हणजे ५६.

ओळ फोडायला मुलं लगेच सीमधल्या ‘स्ट्रटॉक’ या फंक्शनकडे धावतात. ते स्वल्पविरामाच्या जागी शून्य बाइट ठेवून मूळ ओळच बदलून टाकतं. शिवाय लागोपाठचे दोन स्वल्पविराम एकच मानतं. म्हणजे रिकामा खण गायब, आणि प्रतीच्या जागी भाव!

आकड्यासाठी ‘एटॉय’ सोपं, पण मला ते मुळीच आवडत नाही. खरंच शून्य लिहिलेलं असो की नुसतं ‘कांदा’, उत्तर शून्यच. देवनागरी आकडे दिले तरी शून्यच. ‘स्ट्रटॉल’ निदान वाचन कुठे थांबलं ते दाखवतं, आणि आकडा मावला नाही तर तेही कळवतं. त्याला पाया १० सांगा. ० सांगितलात तर ‘०१०’चे आठ होतात.

डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा प्रोग्रॅमरवर फार विश्वास टाकते. तेव्हा ओळ आधी ‘एफगेट्स’ने वाचा, खण मोजा, मगच आकडा काढा.