लिहिलेले चारचौघांत का वाचावे?

कथा-कवितांच्या वह्या वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवणाऱ्यांची संख्या आपल्याकडे कमी नाही. त्यांपैकी काही जण सर्जनशील लेखनाच्या वर्गात नाव नोंदवतात, व्याख्याने मनोभावे ऐकतात. परंतु स्वतःचे लेखन वाचण्याची पाळी आली की त्यांचा धीर सुटतो. 'लोक हसतील' ही भीती स्वाभाविक आहे. मात्र, अशा वर्गांचा सर्वांत मोठा लाभ या वाचनातूनच मिळतो.

आयोवाची पद्धत

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. तेथे रुळलेली पद्धत पुढे अनेक देशांतील लेखनवर्गांनी स्वीकारली. विद्यार्थ्याच्या कथेच्या प्रती सर्वांना आधी वाटल्या जातात. वर्गात सहाध्यायी त्या कथेवर चर्चा करतात आणि तोवर लेखकाने मौन पाळायचे असते. हा दंडक निष्ठुर वाटला, तरी त्यामागे विचार आहे. कथा छापून आल्यावर लेखक प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन खुलासा करू शकत नाही. कथेला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते.

प्रख्यात कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर १९४५ मध्ये आयोवात शिकण्यास आल्या. त्या अतिशय संकोची होत्या. त्यामुळे कार्यशाळेचे संचालक पॉल एंगल त्यांच्या कथा लेखिकेचे नाव न सांगता वर्गात वाचून दाखवीत. संकोच राहिला, पण लेखन लोकांसमोर आले.

नेमके काय मिळते?

प्रसंग लेखकाच्या मनात संपूर्ण असतो. त्यामुळे कागदावर न उतरलेला भागही त्याला दिसत राहतो. वाचकाला तो दिसत नाही. समजा, कथेतील सून एका रात्री घर सोडून जाते. तिचे दुःख लेखकाला ठाऊक असते. पण वर्गातील चौघांनी 'ती का गेली?' असे विचारले की, ते दुःख कथेत आलेच नसल्याचे ध्यानात येते. घरच्यांच्या कौतुकातून हे सहसा कळत नाही. मोठ्याने वाचताना लांबलेले वाक्य आणि कृत्रिम संवाद जिभेलाच अडखळवतात, हा आणखी एक फायदा.

इतरांचे खर्डे वाचण्याचा लाभही तितकाच मोलाचा. दुसऱ्याची कथा कोठे रेंगाळली, हे चटकन जाणवते. परंतु का रेंगाळली, हे वर्गात शब्दांत सांगावे लागते. या सवयीने कमावलेली नजर पुढे स्वतःच्या लेखनाकडे वळते.

मराठीतील परंपरा

मराठीला ही रीत परकी नाही. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र जमत, कविता वाचत आणि त्यांवर चर्चा करीत. त्यांच्या प्रयत्नांमुळेच पुढे जाहीर काव्यगायन महाराष्ट्रात लोकप्रिय झाले.

तारतम्य हवे

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. सर्वांच्या सूचना मानत गेल्यास लेखन एकसाची होते, असे टीकाकार म्हणतात. मौनाच्या नियमामुळे लेखकाची घुसमट होते, म्हणून अनेक वर्गांत आता लेखकालाच आधी प्रश्न मांडू दिले जातात. टीका लेखनावर असावी, लेखकावर नसावी, हे पथ्य तर सर्वत्र पाळायला हवे. प्रतिक्रिया ऐकताना एक खूणगाठ उपयोगी पडते. अनेक जण एकाच जागी अडखळले, तर तेथे काही चुकले आहे, असे समजावे. ते कसे दुरुस्त करायचे, हा निर्णय मात्र लेखकाने स्वतःकडेच ठेवावा.