पूर्वसूचनेविना तपासणी : अन्नकारखान्याच्या नित्य शिस्तीची कसोटी

छत्रपती संभाजीनगर हे चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे मुख्यतः वाहन व औषध उद्योगांचे शहर म्हणून ओळखले जात असले, तरी त्याच्या भोवती सिल्लोड-कन्नडचा मका, खुलताबाद-फुलंब्रीचे आले आणि पैठण-जालना पट्ट्यातील मोसंबी पिकते. या शेतमालावर जवळच प्रक्रिया व्हावी म्हणून पैठण तालुक्यातील वाहेगाव-धनगाव परिसरात 2018 मध्ये मेगा फूड पार्कही सुरू झाले. कारखाना दुधाचा असो, मक्याच्या पिठाचा असो वा फळांच्या गराचा, पूर्वसूचना न देता होणाऱ्या अन्नसुरक्षा तपासणीसाठी त्याला कायम सिद्ध राहावे लागते.

अशी तपासणी दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग कायद्याचा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 हा 5 ऑगस्ट 2011 पासून अमलात आला असून त्याच्या कलम 38 नुसार अन्न सुरक्षा अधिकाऱ्यास अन्नपदार्थ तयार होतात किंवा साठवले जातात तेथे प्रवेश करण्याचा, पाहणी करण्याचा आणि नमुना घेण्याचा अधिकार आहे; महाराष्ट्रात राज्य परवानाधारकांबाबत हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करून एक अन्न विश्लेषकाकडे आणि दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातात, तर चौथा भाग उत्पादकाने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते आणि त्याविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते. हे हक्क ज्याला ठाऊक नाहीत, तो उत्पादक तपासणीच्या वेळी गोंधळतो आणि नंतर दाद मागण्याची मुदतही गमावतो.

दुसरा मार्ग खरेदीदारांच्या आग्रहातून आलेल्या खासगी प्रमाणपत्रांचा आहे. निर्यात करणाऱ्या किंवा मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांकडे बहुधा एफएसएससी 22000 किंवा बीआरसीजीएस यांसारखे प्रमाणपत्र असते, आणि या दोन्ही योजनांत तीन वर्षांतून किमान एक लेखापरीक्षण अघोषित असावे लागते.

दोन्ही तपासण्यांच्या मुळाशी हॅसप ही पद्धत आहे. उत्पादनात धोका कोठे शिरू शकतो हे आधीच ओळखून तेथेच त्याला रोखणारी ही पद्धत 1960 च्या दशकात अमेरिकी अंतराळवीरांच्या अन्नासाठी पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा यांनी विकसित केली. ज्या टप्प्यावर नियंत्रण सुटले की अन्न असुरक्षित होते, त्याला नियंत्रणाचा निर्णायक बिंदू म्हणतात. दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद तापवणे हा असा बिंदू आहे. तापमान घसरल्यास दूध आपोआप मागे वळवणारी झडप खरोखर काम करते का, हे तपासनीस प्रत्यक्ष पाहतो. मक्यात ओलावा राहिला की बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि धान्यात त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे. म्हणून ट्रक आत घेतानाच ओलावा मोजून त्याची नोंद करावी लागते.

नोंद हाच या सिद्धतेचा कणा आहे. तपासनीस गोदामातील एखादे पाकीट उचलतो आणि त्याच्या बॅच क्रमांकावरून कच्चा माल कोणाकडून आला, तो कोणत्या यंत्रावर गेला आणि त्याच बॅचची उरलेली पाकिटे कोणत्या वितरकाकडे आहेत, हे विचारतो. शिफ्ट संपताना एका बैठकीत भरलेले रजिस्टर अनुभवी नजरेला लगेच कळते, कारण त्यात तापमान कधीच हलत नाही आणि यंत्र कधीच बंद पडत नाही. उलट, तापमान घसरल्याची, माल वेगळा ठेवल्याची आणि पुढे केलेल्या उपायाची प्रामाणिक नोंद कारखान्याची विश्वासार्हता वाढवते.

या भागात खरी परीक्षा हंगामात आणि उन्हाळ्यात होते. मक्याच्या आवकेच्या काळात नवे कंत्राटी कामगार येतात आणि टंचाईत टँकरचे पाणी घ्यावे लागते. म्हणून प्रत्येक पाणीस्रोताची चाचणी, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक ही व्यवस्था रात्रपाळीसकट चालू असली पाहिजे. गुणवत्ता व्यवस्थापक रजेवर असताना अधिकाऱ्याचे स्वागत कोण करणार, कागदपत्रे कोण दाखवणार आणि घेतलेल्या नमुन्याची नोंद कोण ठेवणार, हेही आधीच ठरलेले असावे. महिन्यातून एकदा मालकाने स्वतः, कोणालाही न सांगता, रात्रपाळीत फेरी मारून यादीनुसार पाहणी करणे हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

फरशा चकचकीत करणे ही तपासणीची तयारी नव्हे. अधिकारी वर्षातून एखाद्या दिवशी येतो, पण त्या कारखान्याचे दूध आणि पीठ मुलांच्या ताटात रोज जाते. म्हणून मराठवाड्यातील प्रत्येक अन्न उद्योजकाने तपासणीच्या भीतीपोटी नव्हे, तर खाणाऱ्याच्या विश्वासापोटी ही शिस्त रोज पाळावी.