शिळ्या भाताचा मान

शिळ्या कढीला ऊत आणणे हे कोणी शहाणपणाचे लक्षण समजत नाही. शिळ्या भाताला फोडणी देणे मात्र मराठी घरात नेहमीच शहाणपणाचे मानले गेले आहे. मोहरी, हिंग, हळद, मिरची, वर चिमूटभर कोथिंबीर, की झाले भाताचे सोने! या आपल्या फोडणीच्या भाताचा एक दूरचा भाऊ चीनमध्ये नांदतो. त्याचे तिथले नाव ‘चाओ फान’. चाओ म्हणजे परतणे आणि फान म्हणजे शिजलेला भात. आपण त्याला फ्राइड राइस म्हणतो.

मुलांना हॉटेलातल्या फ्राइड राइसची चटक लागली, तेव्हा तो घरीच करायचा मी बेत केला. आदल्या रात्रीच भात लावलेला पाहून सासूबाई म्हणाल्या, “अगं, पोरांना शिळं कशाला घालतेस? उद्या ताजा लाव की!”

“आई, ताज्या भाताचा हा होतच नाही,” मी म्हटले.

त्यांना ती थट्टा वाटली. पण यामागे शास्त्र आहे. गरम भातातला स्टार्च पाण्याने फुगून चिकट झालेला असतो. भात थंड झाला की तो पुन्हा घट्ट होतो, वरचा ओलावा उडतो आणि शिते मोकळी होतात. ताजा भात कढईत घातला तर त्याचा लगदाच व्हायचा.

मात्र भगिनींनो, एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे भात शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ती वाढीला लागतात आणि विष तयार करतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये असाच बाहेर राहिलेला भात परतून खाल्ल्याने लोकांना उलट्या झाल्या होत्या. फोडणी झणझणीत दिली म्हणजे दोष जातो, ही समजूत खरी नाही. ते विष कढईच्या आचेला दाद देत नाही. म्हणून भात परातीत पसरून लवकर निववावा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. हा नियम फोडणीच्या भातालाही तितकाच लागू आहे.

आता कृती. चौघांसाठी २ वाट्या तांदूळ तीन पाण्यांनी धुवावेत. भात भरपूर पाण्यात बोटचेपा शिजवून वेळून घ्यावा व वरीलप्रमाणे थंड करावा. दुसऱ्या दिवशी शिते हाताने मोकळी करावीत. लसूण, फरसबी, गाजर, कोबी आणि पातीचा कांदा बारीक चिरून हाताशी ठेवावा, कारण पुढे चिरायला सवड मिळत नाही. लोखंडी कढई चांगली तापवून २ मोठे चमचे तेल घालावे. चालत असेल तर २ अंडी फोडून परतून बाजूला काढावीत. मग लसूण, भाज्या आणि शेवटी भात. आच मोठीच हवी. सगळा भात एकदम घालू नये. कढई निवते, वाफ धरते आणि भात परतण्याऐवजी उकडतो. दोनदा करावा. २ लहान चमचे सोया सॉस कढईच्या कडेने सोडावा. तो खारट असतो, म्हणून मीठ चव पाहूनच घालावे. वर मिरपूड, अंडी आणि कांद्याची पात.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सासूबाईंचा विरोध भाताला नव्हताच. ताजे पुरुषांना आणि मुलांना, उरलेसुरले बाईने निमूटपणे संपवायचे, हा नियम त्यांनी उभ्या जन्मात पाळला होता. शिळे अन्न सगळ्यांच्या पानात पडावे, तेही मागून घेतले जावे, हे त्यांना नवीन होते. त्यांनी अंड्याशिवायचा भात घेतला, दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, “बरा लागतो हो. पण हिंग हवा होता!”

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या गोडाधोडाने तोंड मिटून गेले की एका रात्री मुद्दाम दोन वाट्या भात जास्त लावा. फक्त दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कोणा एकीने एकटीने खाऊ नये. घरातल्या सगळ्यांची पाने एकदम मांडा.