बेटावरची बैठक

कोहिनूरला समुद्र नाही. तरी चहूकडे कन्नड मुलूख आणि मधे आपली मराठी घरे, म्हणजे बेटच की! इथे कलामंदिर चालवायचे तर मॉरिशसकडे पाहावे.

1834 पासून करारबद्ध भारतीय मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांत रत्नागिरीकडचे मराठीही होते. मजूर संध्याकाळी जिथे जमत, त्या साध्या झोपडीला ‘बैठका’ म्हणत. पोथी तिथेच, मुलांची अक्षरओळख तिथेच, गाणेबजावणेही तिथेच. तिला नुसते नाट्यगृह केले नाही, म्हणून ती नांदती राहिली. आपण आधी कोनशिला बसवतो, मग वर्षातून दोनदा कुलूप काढतो.

आज तिथल्या मराठी घरांत बोलणे बहुधा क्रिओलमध्ये चालते. तरी गणपतीत ‘झाकरी’ होते (आपल्या कोकणातली जाखडीच ती), आणि सरकारी नाट्यमहोत्सवात मराठी नाटकेही. उच्चारांवर नाक मुरडू नये. नाटक ठरले की तालमीला जागा लागते, तरुण मुले रोज येतात, आणि संवाद घोकताना भाषा जिभेवर बसते. प्रेक्षकापेक्षा नट अधिक शिकतो, असे मला वाटते.

आपली मुले कन्नड शिकतात, ते योग्यच. म्हणून खोली एकच ठेवा : भजनी मंडळाला एक वार, तालमीला दोन, आणि एक वार कन्नड शेजाऱ्यांच्या वचनगायनाला. बसवेश्वरांचे कल्याण आपल्याच तालुक्यात आहे. शिवाय वीजबिलही वाटले जाते. किल्ली मात्र एकाच घरी नको. ते घर पुण्याला गेले की दार बंद.