दूरचित्रवाणी प्रक्षेपणातील सराउंड साउंड आणि घरगुती संगणक : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

संगणकास टीव्ही ट्यूनर कार्ड आणि सहा स्पीकर जोडले की दूरचित्रवाणीवरून चित्रपटगृहासारखा सभोवतालचा ध्वनी ऐकू येतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात हा ध्वनी स्पीकरांच्या संख्येवर अवलंबून नसतो. प्रक्षेपणातून किती स्वतंत्र ध्वनिमार्ग आले आणि ते वाटेत कोठे गळाले, यावर तो अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात प्रक्षेपणापासून श्रोत्याच्या कानापर्यंतची ही साखळी उलगडून दाखविली असून दोष शोधण्याचा क्रम सुचविला आहे.

बीजसंज्ञा : सराउंड साउंड, ध्वनिमार्ग, ट्यूनर कार्ड, सेट टॉप बॉक्स, डॉल्बी डिजिटल

प्रस्तावना

२०२४ साली अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या अहमदनगर जिल्ह्यात केबलच्या डिजिटायझेशनचा प्रवास दोन टप्प्यांत झाला. अहमदनगर शहर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव यांसारख्या नागरी भागांसाठी तिसऱ्या टप्प्याची ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती. ग्रामीण भागासाठी चौथ्या टप्प्याची मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ करण्यात आली. चित्र सुधारल्याचा अनुभव सर्वांनी घेतला. ध्वनीकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. ध्वनिमार्गांची जुळणी चुकली तर प्रथम हरवतात ते संवाद. घरातील वृद्धांना बातम्या नीट कळत नाहीत आणि महाविद्यालयाच्या दृक्‌-श्राव्य कक्षात मागील बाकांवरील विद्यार्थ्यांना व्याख्यान ऐकू येत नाही. म्हणून या विषयाचे तांत्रिक आकलन अध्यापकांस उपयुक्त ठरावे.

१. ध्वनिमार्ग : संकल्पना

येथे ‘वाहिनी’ हा शब्द दूरचित्रवाणी केंद्रासाठी, तर ‘ध्वनिमार्ग’ हा शब्द ध्वनीच्या स्वतंत्र प्रवाहासाठी वापरला आहे. स्टिरिओमध्ये डावा व उजवा असे दोन ध्वनिमार्ग असतात. ‘५.१’ या रचनेत समोरचा डावा, मधला व उजवा, तसेच बाजूचे किंवा मागचे दोन असे पाच पूर्ण ध्वनिमार्ग असतात. दशांशानंतरचा ‘१’ हा सुमारे १२० हर्ट्‌झपर्यंतच्या खर्जासाठी राखलेला मर्यादित मार्ग होय. संवाद प्रामुख्याने मधल्या मार्गात ठेवलेले असतात. डॉल्बी डिजिटल अर्थात एसी-३ पद्धतीने हे सहाही मार्ग एकाच संकुचित प्रवाहात बसविता येतात. चित्रपटगृहांत ही पद्धती १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर आली.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केले. असा चित्रपट दोनच ध्वनिमार्गांनी घरी पोहोचला, तर वाद्ये ऐकू येतात. परंतु सभोवतालच्या ध्वनीची मूळ मांडणी ओघानेच गमावली जाते. एकदा एकत्र मिसळलेले मार्ग नंतर कोणत्याही संगणकास जसेच्या तसे वेगळे करता येत नाहीत.

२. प्रक्षेपणातून काय येते?

अ‍ॅनालॉग केबलच्या काळात ट्यूनर कार्डातून मोनो किंवा फार तर स्टिरिओ ध्वनी मिळे. स्वतंत्र सहा मार्गांची सोयच त्यात नव्हती. आज संगणकावर थेट घेता येण्याजोगे सर्वांत सुलभ प्रक्षेपण म्हणजे दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सेवा. ती ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते. अहिल्यानगर शहराच्या स्थानावरून गणित केल्यास डिश आग्नेयेस, उत्तरेपासून सुमारे १३४ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर रोखावी लागते. हा कोन बराच उभा असल्यामुळे अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांतही, अगदी कड्याच्या पायथ्याची जागा वगळता, उपग्रह सहसा दृष्टिपथात राहतो. डीव्हीबी-एस२ जातीचे ट्यूनर कार्ड या सेवेतील सांकेतिक कुलूप नसलेल्या वाहिन्या घेऊ शकते. तथापि त्यांचा ध्वनी सामान्यतः एमपीईजी पद्धतीचा, दोन मार्गांचाच असतो. येथे सराउंड साउंड मिळाला नाही तर तो कार्डाचा दोष मानता येत नाही.

सशुल्क डीटीएच व केबल सेवांतील काही एचडी वाहिन्यांवर, विशेषतः चित्रपट व क्रीडा वाहिन्यांवर, डॉल्बी पद्धतीचा ध्वनी दिला जातो. परंतु या वाहिन्या कुलूपबंद असल्याने त्या अधिकृत सेट टॉप बॉक्समार्फतच घ्याव्या लागतात. बॉक्सच्या एचडीएमआय जोडणीतील संरक्षणामुळे तिचे चित्र संगणकात घेणेही बहुधा शक्य होत नाही. अशा वेळी बॉक्स थेट ध्वनी रिसीव्हरला जोडावा व संगणक त्याच रिसीव्हरच्या दुसऱ्या जोडणीवर ठेवावा, हा सरळ मार्ग होय. बॉक्समधील ध्वनीची निवड ‘स्टिरिओ’वर राहिली असेल तर ती ‘डॉल्बी’वर करणे आवश्यक असते.

३. संगणकातील गळतीच्या जागा

प्रवाहात सहा मार्ग असूनही दोनच ऐकू येतात, तेव्हा गळती बहुधा पुढीलपैकी एका ठिकाणी असते.

(अ) ध्वनिप्रवाहाची निवड : एकाच वाहिनीबरोबर स्टिरिओ व डॉल्बी असे दोन प्रवाह येऊ शकतात. सॉफ्टवेअर अनेकदा पहिला प्रवाह आपोआप निवडते.

(आ) ऑप्टिकल जोडणी : एस/पीडीआयएफ जोडणीतून न संकुचित केलेले दोनच मार्ग किंवा डॉल्बी डिजिटलचा संकुचित प्रवाह जाऊ शकतो. संगणकाने सहा मार्ग आधीच उलगडले, तर या तारेतून पुढे दोनच जातात. म्हणून उलगडण्याचे काम रिसीव्हरवर सोपवून संगणकातून मूळ प्रवाह तसाच पुढे पाठवावा. डॉल्बी डिजिटल प्लस हा नंतरचा प्रकार या जोडणीतून जात नाही. त्यासाठी एचडीएमआय लागते. एचडीएमआयमधून न संकुचित केलेले आठ मार्गही जाऊ शकतात.

(इ) साऊंड कार्डच्या तारा : सहा मार्गांसाठी तीन स्वतंत्र तारा लागतात. प्रचलित रंगसंगतीत हिरवे छिद्र समोरच्या, काळे मागच्या, तर केशरी मधल्या व खर्जाच्या स्पीकरसाठी असते.

(ई) स्पीकरांची नोंद : सर्वांत घातक चूक ही. स्पीकर दोनच असताना संगणकात ‘५.१’ अशी नोंद असेल, तर मधला मार्ग नसलेल्या स्पीकरकडे जातो. संगीत मोठ्याने वाजते आणि संवाद नाहीसे होतात. ‘स्टिरिओ’ अशी नोंद केल्यास मधला मार्ग सुमारे ०.७ पट करून दोन्ही बाजूंत मिसळला जातो व संवाद परत येतात. दृक्‌-श्राव्य कक्षांतील तक्रारींचा शोध येथूनच सुरू करावा.

४. दोन मार्गांतून सभोवताल : अनुमानाची पद्धती

स्टिरिओ प्रक्षेपणापासून सभोवतालचा आभास निर्माण करण्यासाठी डॉल्बी प्रो लॉजिक २ सारख्या पद्धती वापरतात. डाव्या व उजव्या मार्गांत जे समान असेल ते मध्यभागी आणि जे परस्परविरुद्ध कलेत असेल ते मागे पाठविणे, हे त्यांचे मूलतत्त्व होय. हे अनुमान असते. मूळ मांडणीची परतफेड नव्हे. तरीही त्याचा एक लाभ महत्त्वाचा आहे. जुलै २०१७ मध्ये ३२ वाहिन्यांसह सुरू झालेल्या ‘स्वयंप्रभा’वरील व्याख्यानांत बहुधा एकाच वक्त्याचा आवाज दोन्ही मार्गांत सारखा असतो. या पद्धतीने तो मधल्या स्पीकरकडे जातो व आवाज पडद्यावरूनच येत असल्याचे जाणवते. व्याख्यानासाठी कृत्रिम प्रतिध्वनीचे ‘हॉल’ किंवा ‘स्टेडियम’ असे पर्याय मात्र बंद ठेवावेत.

५. खोलीचा प्रभाव

समोरचे दोन स्पीकर श्रोत्यापासून प्रत्येकी ३० अंशांवर व बाजूचे १०० ते १२० अंशांवर असावेत, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. त्यामुळे समोरचा स्पीकर ३ मीटरवर व मागचा १.५ मीटरवर असल्यास मागचा ध्वनी सुमारे ४.४ मिलिसेकंद आधी पोहोचतो. रिसीव्हरमध्ये अंतरे नोंदविल्यास हा फरक भरून निघतो. फरशी, सिमेंटचा स्लॅब व उघड्या भिंती असलेल्या खोलीत ध्वनी घुमतो. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांची कपाटे यांनी तो बराच आटोक्यात येतो.

समारोप

वरील विवेचनावरून तपासणीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम त्या वाहिनीच्या ध्वनिप्रवाहात किती मार्ग आहेत हे सॉफ्टवेअरच्या माहितीफलकावर किंवा रिसीव्हरच्या दर्शकावर पाहावे. तेथे दोनच असतील तर नव्या साऊंड कार्डावरील खर्च निरर्थक ठरतो. अनुमानाच्या पद्धतीवर समाधान मानणे योग्य. सहा असतील तर प्रवाहाची निवड, जोडणी, स्पीकरांची नोंद आणि खोली या क्रमाने गळती शोधावी. मर्यादित निधीतून दृक्‌-श्राव्य कक्ष उभारणाऱ्या महाविद्यालयांनी पाच स्पीकरांच्या आकर्षणाआधी मधला आवाज प्रत्येक बाकापर्यंत पोहोचतो की नाही, याची खात्री करून घेणे इष्ट होय. आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही, हे खरे. परंतु आडात असलेले पाणी फुटक्या पोहऱ्यामुळे वाया जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती असते.