आर्टिकलशिपचे पहिले वर्ष आणि घरची माणसे

आपल्या वस्त्यांतून कॉमर्सला जाणारी मुले-मुली आता कमी नाहीत. त्यांतली काही बारावीनंतर फाउंडेशन देतात, मग इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप सोडवतात. त्या दिवशी घरात पेढे येतात, विहारात सत्कार होतो. अडचण सुरू होते ती त्यानंतर. मुलगी सकाळी डबा घेऊन बाहेर पडते, रात्री दमून परतते आणि महिन्याअखेर हाती जे पडते ते पाहून शेजारीण विचारते, ‘‘एवढी शिकली, आणि इतक्याच पैशांत राबते होय?’’

ह्या प्रश्नाला घरच्यांजवळ उत्तर असले पाहिजे. नसेल तर शिक्षण इथेच तुटण्याची भीती असते, मग भले मुलगी हुशार का असेना.

ती नोकरी करीत नाही, आर्टिकलशिप करते. सीए होण्यासाठी नुसत्या परीक्षा पुरत नाहीत. व्यवसाय करणाऱ्या सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकावे लागते. ही मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. जुलै 2023 पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली. मुदत संपल्यावर सहा महिने अभ्यासाला आणि मग फायनल. म्हणजे इंटरमिजिएटच्या पेढ्यांपासून फायनलच्या पेपरापर्यंत किमान अडीच वर्षे. घराने हिशेब धरायचा तो ह्या अडीच वर्षांचा.

पहिल्या वर्षी ती करते तरी काय? बहुतेक वेळ कागद तपासते. एखाद्या कारखान्याच्या कोपऱ्यातल्या टेबलावर तिच्यापुढे व्हाउचरांच्या फायली येतात. प्रत्येक व्हाउचरला बिल आहे का, त्यावर सही कोणाची, तारीख कोणती, रक्कम खतावणीत बरोबर चढली का, हे पाहून ती खूण करते. बँकेचे पासबुक आणि कंपनीची रोकडवही ह्यांत फरक असेल तर तो कोणत्या चेकमुळे पडला हे शोधते. 31 मार्चच्या सुमारास गोदामात उभी राहून पोती, पिंपे, लोखंडाच्या कांबी मोजते. वहीत हजार नग असतील तर गोदामात हजार दिसले पाहिजेत. जीएसटीची विवरणपत्रे खरेदी-विक्रीशी जुळवते. सप्टेंबर महिना कर-लेखापरीक्षणाच्या धावपळीचा, तेव्हा घरी यायला उशीर होतो. ‘‘रोज उशीर कसला?’’ असे मुलीला विचारण्याआधी वडिलांनी हे ध्यानात घ्यावे. एरवी आठवड्याला 35 तासांचा नियम आहे, तोही माहीत असावा.

पण खरे शिक्षण कागदाच्या पलीकडे असते. वीस वर्षांची मुलगी एका मुरलेल्या हिशेबनिसाला विचारते, ‘‘साहेब, ह्या खर्चाची पावती कुठे आहे?’’ तो हसतो, टाळतो, चहा मागवतो. तिने पुन्हा विचारायचे असते. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या वहीवर न वाचता अंगठा उठवावा लागला, त्या घरातली लेक आज दुसऱ्याची वही उघडायला लावते. माझ्या मते सत्कार करायचा तर ह्याचा करावा.

पैशाचे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. विद्यावेतनाचे किमान दर संस्थेने गावाच्या लोकसंख्येनुसार ठरवून दिले आहेत. काही फर्म त्याहून जास्तही देतात. तरी त्यात पास, जेवण आणि पुस्तके एवढेच भागते, घर चालत नाही. वडील सफाई खात्यात किंवा कंत्राटी कामावर असतील आणि मागे दोन भावंडे शिकत असतील, तर थोरलीची कमाई कधी सुरू होणार हा प्रश्न खोटा नाही. म्हणून लग्नकार्याचा, घरदुरुस्तीचा मोठा खर्च ह्या अडीच वर्षांत शक्यतो काढू नये. संस्थेच्या शिष्यवृत्त्यांत गरजू व दुर्बल घटकांसाठीही गट आहे. त्याचे अर्ज वेळेवर भरावेत.

जागा मिळवणे हीदेखील एक परीक्षाच. इतरांचा कोणी मामा, कोणी काका सीए असतो. एक फोन जातो आणि काम होते. आपल्याकडे तो फोन करणारा बहुधा नसतो. मुलाखतीत आडनाव विचारल्यावर ‘‘कुठले तुम्ही?’’ हा प्रश्न येतो, तो कशासाठी हे आपल्याला सांगायला नको. पण संस्थेच्या संकेतस्थळावर आर्टिकलशिपच्या जागांसाठी वेगळी सोय आहे, तिथे नाव नोंदवता येते. जागा देण्यासाठी मुलाकडून पैसे घेणे नियमाला धरून नाही. काम सुरू झाल्यापासून 30 दिवसांत नोंदणीचा अर्ज संस्थेकडे गेला पाहिजे. ‘‘नंतर बघू’’ म्हणणाऱ्यापाशी सहा महिने राबून तो काळ धरला न जाण्याचा धोका असतो. आणि ‘‘येऊ नकोस, घरी अभ्यास कर, सही मी देतो’’ म्हणणाराही भेटतो. मुलांना ते गोड वाटते. तसला दाखला घेणे नियमभंग तर आहेच, शिवाय पंचशीलातले चौथे शील मोडणारे आहे. ज्याची पुढे सहीच विकली जायची, त्याने सुरुवात खोट्या सहीने कशी करायची?

हा धंदा आपला नव्हे, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना सांगावे की बाबासाहेबांनी 1925 ते 1928 ह्या काळात मुंबईत बाटलीबॉय ह्यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ 1923 चा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1953 मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय काढले. आणि 30 मे 1949 रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी देशाचा महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले. त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेपेक्षाही मोठे मानले. संसदेने मंजूर केले त्याबाहेर पैसा जात नाही ना, हे पाहणारा तो माणूस.

वस्तीलाही ह्या मुलांचा उपयोग करून घेता येईल. नोंदणी झालेल्या ट्रस्टचे हिशेब 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याने ठेवावे व तपासून घ्यावे लागतात. त्यावर सही सीएचीच लागेल, पण कागद नीट लावून देणे हे काम पहिल्या वर्षाच्या मुलीला रविवारी दोन तासांत जमते. जयंती झाली की मंडळाने पावतीपुस्तके, मंडपवाल्याचे बिल आणि बँकेचे पासबुक तिच्यापुढे ठेवावे. ती कोरी राहिलेली पावतीपुस्तकेसुद्धा मागेल. द्यावीत, ती मोजूनच ती कामाला सुरुवात करते.