नाण्याच्या दोन बाजू: पोप आणि सम्राट

कैसराला कर द्यावा की न द्यावा, असा पेच टाकणाऱ्यांना प्रभू येशूने नाणे दाखवावयास सांगितले आणि त्यावर मुखवटा व लेख कोणाचा आहे, असे विचारले. हा प्रसंग आपण शुभवर्तमानातून अनेकदा ऐकला आहे. ज्याचे नाव नाण्यावर, त्याचा अधिकार त्या भूमीवर, असा तेव्हाचा संकेत होता. आठव्या शतकातील रोमचा इतिहास समजून घेतानाही हाच प्रश्न आपल्या उपयोगी पडतो.

त्या काळी रोम नगरी कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या अधिकाराखाली गणली जाई व तेथील नाण्यांवर त्याचे नाव असे. परंतु लोंबार्ड राजे चालून येत असता सम्राटाकडून पुरेसे साहाय्य येईना. तेव्हा पोपमहोदय फ्रँक राजांकडे वळले. पुढे पोप पहिले एड्रियन (772-795) यांनी चांदीची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस पोपमहोदयांचा मुखवटा व नाव होते, तर दुसऱ्या बाजूस क्रूस. सम्राटाचे नाव गळाले. इ. स. 781 पासून पोपच्या दस्तऐवजांतूनही सम्राटाच्या राज्यवर्षाचा उल्लेख नाहीसा झाला.

मात्र हे स्वातंत्र्य एकट्याच्या बळावर टिकणारे नव्हते. इ. स. 799 मध्ये पोप तिसरे लिओ यांच्यावर रोममध्येच विरोधकांनी हल्ला केला आणि त्यांना फ्रँक राजा शार्लमेन याचा आश्रय घ्यावा लागला. पुढील वर्षी, 25 डिसेंबर 800 रोजी, संत पेत्राच्या महामंदिरात त्यांनी शार्लमेनला सम्राटपदाचा मुकुट घातला. देणारे पोप आणि घेणारा राजा, असे हे दृश्य आपल्या मनात ठसलेले आहे. त्यानंतरची रोमची नाणी मात्र वेगळी साक्ष देतात. त्यांच्या एका बाजूस संत पेत्र व पोप लिओ यांची नावे आहेत. दुसऱ्या बाजूस शार्लमेनचे नाव व सम्राटपद. रोममध्ये पुन्हा सम्राटाचा अधिकार मान्य झाला होता. फक्त सम्राट बदलला होता.

शार्लमेनलाही ख्रिस्तसभेचा आधार हवा होता. त्याच्या अखेरच्या काळातील काही नाण्यांवर एका बाजूस प्राचीन रोमन सम्राटाप्रमाणे पर्णमुकुट घातलेला त्याचा मुखवटा आहे. दुसऱ्या बाजूस क्रूसमंडित मंदिर आणि 'ख्रिस्ती धर्म' या अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत.

संरक्षण स्वीकारले की संरक्षकाचे नावही स्वीकारावे लागते, हे त्या लहानशा चांदीच्या तुकड्यांनी नोंदवून ठेवले आहे. ख्रिस्तसभेने राजसत्तेशी किती जवळीक ठेवावी, याचा विचार करताना आपणही ही साक्ष विसरू नये. नाण्यावरील मुद्रा काळानुसार बदलते; मनुष्यावर उमटलेली देवाची प्रतिमा मात्र कोणत्याही सत्तेची मालमत्ता होऊ शकत नाही.